कमरेचा कसा आणि कागदाचा तुकडा
हजच्या वाटेवरील पैशाचा इतिहास

आपण रोज 'खिसा' म्हणतो तो शब्द फारसीमार्गे आलेल्या 'कीसा' या शब्दापासून झाला आहे. कीसा म्हणजे पिशवी. सराफ, हवाला, अमानत हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. पैशाच्या व्यवहारातले इतके शब्द आपल्या भाषेला अरबी-फारसीने दिले, याचे आम्हाला नेहमी कुतूहल वाटते. भाषा शब्द उसने घेते तेव्हा त्यामागे माणसांचे येणे-जाणे असते, आणि माणूस दूर जायला निघाला की त्याला पहिला प्रश्न पडतो तो पैशाचा. किती न्यायचे, कशात न्यायचे, कुठे ठेवायचे आणि वाटेत गेले तर काय करायचे?

हजच्या प्रवासात हा प्रश्न अधिक अवघड होतो. पुरुषाचा एहराम म्हणजे दोन न शिवलेल्या चादरी. त्याला शिवण नाही, बटण नाही, आणि अर्थातच खिसाही नाही. राजा असो की रंक, सगळे एकाच वेशात, हा त्यामागचा उदात्त विचार आपण वर्गात शिकवतो, व्याख्यानात सांगतो. पण घरापासून हजारो मैल दूर आलेल्या त्या माणसाचे परतीचे पैसे कुठे आहेत, हे कोणी सांगत नाही. इतिहासाच्या पुस्तकांत काफिल्यांचे रस्ते असतात, बंदरे असतात, लढाया असतात. प्रवाशाची थैली मात्र क्वचितच सापडते. ही थैली शोधायचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत.

सुरुवात अगदी आरंभकाळापासून करावी लागेल. कुरआनने हज फर्ज केला तो ज्याला तिथवर पोहोचण्याची ऐपत आहे त्याच्यावरच. फिकहच्या पंडितांनी या ऐपतीचा अर्थ फोडून सांगताना वाटखर्च, वाहन, मागे राहिलेल्या कुटुंबाचा चरितार्थ आणि वाटेची सुरक्षितता अशा गोष्टी मोजल्या. दुसऱ्या एका आयतीत हजला निघताना शिदोरी बरोबर घ्या असे सांगितले आहे. बुखारीच्या संग्रहात हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून या आयतीची पार्श्वभूमी आली आहे. यमनचे काही लोक हजला येताना बरोबर काहीच आणत नसत. आम्ही तवक्कुल करणारे, म्हणजे अल्लाहवर भरवसा टाकणारे आहोत, असे म्हणत. मक्केत पोहोचल्यावर मात्र लोकांपुढे हात पसरत. त्यावर ही आयत आली. सर्वोत्तम शिदोरी तकव्याची, हे त्याच आयतीत पुढे आहे. पण तकव्याच्या नावाखाली खर्चाची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकायला धर्माने परवानगी दिली नाही, हे विसरता कामा नये.

मग हे पैसे एहराममध्ये कसे बाळगायचे? अरबीत 'हिमयान' असा शब्द आहे. हिमयान म्हणजे कमरेला बांधायचा पैशाचा पट्टा. उर्दूत त्याची हमियानी झाली. आपल्या मराठीतला कमरेचा कसा तो हाच. एहराममध्ये शिवलेले वस्त्र चालत नाही, मग हा पट्टा चालेल का, असा प्रश्न पहिल्याच पिढीत विचारला गेला. हजरत आयेशा (रजि.) यांनी हरकत नाही असे सांगितल्याचे नोंदलेले आहे, कारण माणसाला आपला खर्च सांभाळलाच पाहिजे. इब्ने उमर (रजि.) यांना कमरपट्टा पसंत नव्हता. मदिनेचे सईद बिन मुसय्यब यांनी मात्र कपड्याखाली बांधला तर चालेल असे म्हटले. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये ही दोन्ही मते शेजारी शेजारी आहेत. मतभेद होता आणि तो मोकळेपणाने नोंदवला गेला. शेवटी बहुतेकांनी प्रवाशाची अडचण ओळखली. आज मुंबईच्या महंमद अली रोडवर हजच्या दिवसांत खिशांचे, झिपचे जे पट्टे विकायला टांगलेले असतात, त्यांच्यामागे तेराशे वर्षांपूर्वीची ही चर्चा उभी आहे.

पण कमरेच्या कशाला मर्यादा असते. तो सोन्यारुप्याचे ओझे वाहतो आणि ते ओझे चोराला दुरून कळते. म्हणून माणसाने दुसरा मार्ग शोधला. पैसा न्यायचाच नाही, पैशाचा शब्द न्यायचा. उमय्यांच्या काळात मक्केवर अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांची सत्ता होती आणि त्यांचे बंधू मुसअब इराकचा कारभार पाहत होते. अब्दुल्लाह मक्केतील व्यापाऱ्यांकडून दिरहम घेत आणि मुसअब यांच्या नावे चिठ्ठी लिहून देत. व्यापारी इराकला पोहोचून तेवढी रक्कम वसूल करीत. मधल्या वाळवंटात त्यांच्याजवळ लुटण्यासारखे काही नसे. या चिठ्ठीला पुढे 'सुफ्तजा' हे नाव मिळाले.

सुफ्तज्यावरून पंडितांत बराच वाद झाला, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. कर्ज देणाऱ्याने कर्जाच्या बदल्यात कोणताही फायदा घेतला तर ते व्याजाच्या वाटेने जाते, हे तत्त्व सर्वमान्य. सुफ्तज्यात देणाऱ्याला एक पैसाही जास्त मिळत नाही. पण वाटेचा धोका टळतो, हा फायदाच नव्हे का? हनफी पंडितांनी म्हटले, अट घालून असे केले तर ते मकरूह, म्हणजे नापसंत. अट न घालता दिले-घेतले तर हरकत नाही. दुसऱ्या बाजूने इब्ने अब्बास (रजि.) यांना इब्ने जुबैर यांच्या व्यवहाराबद्दल विचारले, तेव्हा त्यांना त्यात वावगे काही दिसले नाही असे सांगतात. सुरक्षिततेलाही किंमत असते, ती अमूर्त असली तरी मोजावी लागते, ही जाण या वादात दिसते. आजच्या विम्याच्या आणि बँकेच्या चर्चेतही अखेर हाच प्रश्न असतो.

या चिठ्ठीचे बळ किती होते ते नासिर खुसरोच्या 'सफरनामा'वरून कळते. हा फारसी कवी १०४६ मध्ये घराबाहेर पडला आणि सात वर्षे फिरला. १०५० च्या सुमारास तांबड्या समुद्राच्या काठी ऐझाब बंदरात तो वाऱ्याची वाट पाहत तीन महिने अडकला. हातचे पैसे संपले. तिथल्या एका माणसाच्या नावे अस्वानच्या मित्राने त्याला चिठ्ठी दिली होती. नासिर जे मागेल ते द्या आणि माझ्या नावे लिहा, असा तिचा आशय. त्या चिठ्ठीवर त्याला ऐझाबमध्ये पीठ मिळाले. पुढच्या वर्षी हज आटोपून अरबस्तानच्या आतल्या भागातून परतताना तो फलज नावाच्या गावी चार महिने अडकला. तिथे त्याला ओळखणारे कोणी नव्हते, चिठ्ठी घेणारेही कोणी नव्हते. जवळ होती ती पुस्तके, आणि ती घ्यायला गावात कोणी तयार नव्हते. अखेर त्याने मशिदीच्या मेहराबीवर रंगकाम केले आणि गावकऱ्यांनी त्याला खजूर दिले, त्यावर तो जगला. बसऱ्याला पोहोचला तेव्हा अंगावर धड वस्त्र नव्हते. हमामवाल्याने त्याला आत येऊ दिले नाही.

याच बसऱ्याच्या बाजाराचे वर्णन त्याने केले आहे. तिथे प्रत्येकजण आपला पैसा सराफाकडे ठेवी, त्याची चिठ्ठी घेई आणि जी वस्तू हवी ती त्या चिठ्ठीवर विकत घेई. शहरात असेपर्यंत रोख नाण्याची गरजच पडत नसे. आम्हाला हे दोन्ही प्रसंग एकत्र वाचावेसे वाटतात. एकाच शहरात कागदावर चालणारा भरभराटीचा बाजार होता आणि त्याच शहराच्या हमामाच्या दारात एक विद्वान उघड्या अंगाने उभा होता. कागदाची सोय कितीही चांगली असो, ज्याचे नाव कोणाच्या वहीत नाही त्याला तिचा उपयोग नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. बहमनी आणि आदिलशाही काळात दक्षिणेतील हाजी दाभोळ बंदरातून जात. मोगलांच्या काळात सुरत हे मुख्य बंदर झाले, आणि लोक त्याला 'बाबुल मक्का', मक्केचे दार म्हणू लागले. बुऱ्हाणपूर, औरंगाबादेकडून येणाऱ्या माणसाला सुरतेपर्यंत रोख नेण्याची गरज नव्हती. त्यासाठी हुंडी होती. हुंडीची व्यवस्था फार विचारपूर्वक केलेली होती. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी मिळत ती मुदती. शाहजोग हुंडी बाजारातल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यामार्फतच वटे. त्यामुळे चोराने ती पळवली तरी पैसे मिळवणे कठीण. हुंडी हरवलीच तर तिची दुसरी प्रत निघे, तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर तिसरी प्रत, 'परपेठ'. हरवलेल्या कागदाच्या बदल्यात नवा कागद देण्याची ही सोय पुढे ट्रॅव्हलर्स चेकची खास ओळख ठरली. आपल्या पेढ्यांना ती आधीच ठाऊक होती.

पण सामान्य हाजीच्या दृष्टीने हुंडीची सोय समुद्रकाठी संपत असे. मोठ्या व्यापाऱ्यांचे मोखा आणि जिद्दा येथे गुमास्ते होते, त्यांचे भागत असे. बाकीच्यांना जहाजावर चढताना पुन्हा कमरेला कसा बांधावा लागे. आणि समुद्रावर चाचे होते. १६९५ मध्ये औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे मोठे जहाज हाजी आणि व्यापारी घेऊन सुरतेकडे परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. जहाजावर मोखा आणि जिद्द्याच्या विक्रीतून आलेले बावन्न लाख रुपयांचे सोने-चांदी होते, असे इतिहासकार खाफी खान लिहितो. बायकांवर अत्याचार झाले. बादशाहाने सुरतेतील इंग्रजांना कैद केले, आणि या लुटीची चर्चा इंग्लंडपर्यंत झाली. आम्हाला खटकते ते हे की लुटीचा आकडा सगळ्या ग्रंथांत सापडतो, पण ज्या साध्या हाजींच्या कमरेचे दहा-वीस रुपये गेले त्यांची गणना कोणी ठेवली नाही.

चांदीच्या पैशाचे ओझे किती असते ते आपण आज विसरलो आहोत. वर्गात आम्ही मुलांकडून याचे गणित करून घेतो. १८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. ८० तोळ्यांचा शेर. तर हजार रुपये म्हणजे साडेबारा शेर, आजच्या मापाने साडेअकरा किलोहून जास्त. अरबस्तानात ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसाचे मोठे चांदीचे नाणे चालत असे. त्यावर १७८० हे साल असते आणि राणीच्या मृत्यूनंतरही ते तेच साल घालून पाडले जात राहिले. ते तर २८ ग्रॅमचे. अशी पाचशे नाणी म्हणजे चौदा किलो. उलट १८९९ मध्ये इंग्रजी सोन्याची गिनी पंधरा रुपयांना ठरली, तेव्हा हजार रुपयांच्या गिन्या जेमतेम अर्धा किलो भरत. म्हणून ज्याला परवडे तो सोने नेई. पण सोने कमरेला असले की झोप लागत नाही, हेही खरे. मुले हे गणित करतात आणि मग कशाचे कातडे इतके जाड का असे, ते त्यांना न सांगता कळते.

आगबोटी आल्या आणि हजचे दार सुरतेहून मुंबईला आले. १८७७ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी पुढे मोगल लाइन म्हणून ओळखली गेली. देशभरातून लोक मुंबईच्या मुसाफिरखान्यांत येऊन राहू लागले. साबू सिद्दिक मुसाफिरखान्याचे नाव आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे. आगबोटीने भाडे कमी केले, त्यामुळे गरिबांनाही हज शक्य झाला. पण त्याबरोबर एक नवे दुःखही आले. लोक जमीन विकून, दागिने विकून जाण्यापुरते पैसे जमवीत. मुंबईत दलाल, जिद्द्यात जकात, मग उंटाचे भाडे, पाण्याचे पैसे, राहण्याचे पैसे. परतीचे भाडे या सगळ्यात संपून जाई. असे शेकडो कफल्लक हाजी जिद्द्याच्या रस्त्यांवर परतीच्या आशेने पडून राहत आणि त्यांना परत आणायचे कोणी, यावर सरकारी कागद काळे होत.

१८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने विलायतेच्या थॉमस कुक अँड सन या प्रवासी कंपनीला हाजींच्या वाहतुकीचे काम दिले. रेल्वे आणि बोटीची तिकिटे एकाच ठिकाणी मिळावीत, दलालांचा जाच कमी व्हावा, हा हेतू. काही वर्षांतच ही योजना गुंडाळली गेली. त्यानंतर १९२५ मध्ये व्यापारी जहाजांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन जाणाऱ्या हाजीला परतीचे तिकीट काढणे किंवा तेवढी रक्कम आधी जमा करणे आवश्यक झाले. यावर तेव्हा समाजात दोन मते होती. परके सरकार आमच्या इबादतीत अडथळा आणते, असे काहींना वाटले. त्यांची शंका समजण्यासारखी आहे, कारण साथीच्या नावाखाली इंग्रजांनी हाजींवर किती बंधने लादली ते जगजाहीर आहे. पण या एका बाबतीत कायदा फिकहच्याच बाजूने होता. येण्याचा खर्च हाताशी नसेल तर ऐपत कुठे आहे? यमनच्या त्या यात्रेकरूंना जे सांगितले गेले तेच हे.

विसाव्या शतकाच्या मध्याला या इतिहासाला एक रंजक वळण मिळाले. सौदी राज्याने १९३५ मध्ये चांदीचा नवा रियाल काढला तो वजनाने आणि शुद्धतेने आपल्या रुपयाइतकाच ठेवला. हिंदी रुपयाची त्या बाजारात किती पत होती याची ही साक्ष. कागदी चलन मात्र तिथे नव्हते. लोकांचा विश्वास चांदीवरच होता. १९५२ मध्ये सौदी अरेबियन मॉनेटरी एजन्सी स्थापन झाली. तिच्या सनदेत दोन गोष्टींना स्पष्ट मनाई होती. व्याज घ्यायचे-द्यायचे नाही आणि कागदी चलन काढायचे नाही. पण दरवर्षी येणाऱ्या हाजींना चांदीच्या नाण्यांची पोती वाहावी लागत होती, त्याचे काय? एजन्सीने १९५३ मध्ये दहा रियालची 'हाजींची पावती' काढली. पावतीमागे तेवढी चांदी तिजोरीत असे. नाव पावती, काम नोटेचे. पुढे पाच आणि एक रियालच्याही पावत्या निघाल्या. हाजींसाठी काढलेली ही पावती स्थानिक लोकांनाही इतकी सोयीची वाटली की हज संपल्यावरही ती बाजारात फिरत राहिली. अखेर १९६१ मध्ये सरकारने रीतसर कागदी नोटा काढल्या आणि नंतर पावत्या मागे घेतल्या. प्रवाशाच्या पैशाची काळजी घेता घेता एका देशाला कागदी चलन मिळाले.

या पावतीवर अरबीखेरीज फारसी, इंग्रजी, तुर्की, मलाय आणि उर्दूतही मजकूर होता. आम्ही उर्दू शिकवणारी माणसे असल्याने आम्हाला या गोष्टीचे अप्रूप वाटणे साहजिक आहे. पण अप्रूप बाजूला ठेवले तरी मुद्दा राहतोच. आमच्या पेढ्यांची हुंडी मोडीत किंवा महाजनी लिपीत असे, ती सामान्य हाजीला वाचता येत नसे. शब्द दुसऱ्याने वाचून दाखवायचा आणि आपण मान डोलवायची. जिद्द्याला मिळालेला हा कागद मात्र हाजीच्या भाषेत त्याच्याशी बोलत होता. कागदावर काय लिहिले आहे ते ज्याचे पैसे आहेत त्याला कळले पाहिजे, हे कोणाला तरी सुचले होते.

त्याच दशकात भारतातही एक वेगळी नोट निघाली. तेव्हा कुवेत, बहरीन, कतार आणि आजच्या अमिरातींच्या प्रदेशात आपला रुपयाच चालत होता. त्याचा फायदा घेऊन सोन्याची तस्करी होई. इथून नोटा चोरून आखाताकडे जात, तिकडून सोने येई आणि त्या नोटा परत आल्या की रिझर्व्ह बँकेला पौंडांत पैसे चुकवावे लागत. म्हणून १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्याच सुमारास हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा निघाल्या. त्यांचाही रंग वेगळा आणि क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरे. या नोटा देशात चालत नसत. हाजीने त्या इथे घ्यायच्या, सौदीत बदलून रियाल घ्यायचे, आणि तिथून त्या रिझर्व्ह बँकेकडे परत यायच्या. पाकिस्तानने असा प्रयोग १९५० पासूनच केला होता. या नोटांचा हेतू परकीय चलन वाचवणे हा होता. पण हाजीला एक फायदा आपोआप मिळाला. मुंबईच्या गोदीवर खिसा कापणाऱ्याला ती नोट बाजारात खपवणे अवघड होते. आता या नोटा नाणी जमवणाऱ्यांच्या संग्रहात दिसतात आणि मोठ्या किमतीला जातात.

१९९५ मध्ये मुंबईहून हजला जाणाऱ्या बोटी बंद झाल्या. विमानाने वाट काही तासांची केली. कुर्बानीचे पैसेही आधी भरून कूपन घेता येते. ती योजना सौदीत १९८३ पासून आहे, त्यामुळे मीनात जनावराचा सौदा करण्यासाठी रोख घेऊन फिरावे लागत नाही. ट्रॅव्हलर्स चेक आले आणि जवळपास गेलेही. अनेक वर्षे हज कमिटी प्रत्येक हाजीला निघताना २१०० रियाल रोख देत असे. २०२३ पासून ते बंद झाले आणि परकीय चलनाची सोय हाजीने स्वतः करायची असे ठरले. कोणी रोख नेतो, कोणी बँकेचे फॉरेक्स कार्ड घेतो. सुफ्तज्याचाच हा नवा अवतार. इथे पैसे भरा, तिथे उचला, मधल्या वाटेत नुसता शब्द न्या.

मग आता सगळे ठीक झाले का? आम्हाला तसे वाटत नाही. आमच्या मोहल्ल्यातील एक खाला काही वर्षांपूर्वी हजला गेल्या. त्यांचे सगळे रियाल गटातील एका नातेवाइकाच्या पट्ट्यात होते. बायकांना कशाला त्रास, असे म्हणून त्यांनीच ते ठेवून घेतले होते. मीनाच्या गर्दीत चुकामूक झाली. खाला दीड दिवस दुसऱ्या तंबूत अनोळखी बायकांच्या आधाराने राहिल्या. त्या बायकांनी त्यांना काही कमी पडू दिले नाही. पण परत आल्यावर खाला म्हणाल्या, "मास्तर, पैसे माझे होते, मीच पै पै करून जमवले होते, आणि पाण्याची बाटली घ्यायला माझ्या हातात एक रियाल नव्हता."

खालांचे हे बोलणे ऐकून आम्हाला भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम आठवल्या. १८६३-६४ च्या मोसमात त्या मुंबईमार्गे हजला गेल्या आणि आपल्या प्रवासाची हकिकत उर्दूत लिहिली. तिचा इंग्रजी अनुवाद १८७० मध्ये प्रसिद्ध झाला. जिद्द्याच्या जकातीवर काय घेतले, कोणी किती मागितले, याच्या तक्रारी त्यांनी स्पष्ट लिहून ठेवल्या. त्या राज्यकर्त्या होत्या, हिशेब मागण्याची त्यांना सवय होती. खालांना ती सवय कोणी लावलीच नाही. २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना मेहरमशिवाय चौघींच्या गटाने हजला जाण्याची परवानगी आपल्या देशात मिळाली, आणि अशा बायका दरवर्षी जात आहेत. त्यांच्या पैशाचा पट्टा बांधायला दुसरी कोणाची कंबर नाही, हे एका अर्थी बरेच झाले.

या सगळ्या इतिहासातून आम्हाला एक गोष्ट ठळक दिसते. पैसा लपवण्याची युक्ती दर पिढीत नवी निघाली आणि चोरही दर पिढीत शहाणा झाला. खरी सुरक्षितता वाढली ती पैसा मोजून, लिहून, आणि हरवला तर दाद मागता येईल असा ठेवला गेला तेव्हाच. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. ती आपल्याकडे पठण खूप होते, पण मुंबईला निघालेल्या हाजीच्या खिशात स्वतःच्या हाताने लिहिलेला हिशेबाचा कागद क्वचितच असतो. कार्डाचा गुप्त आकडा मुलाला माहीत, नाहीतर टूरवाल्याला. पावती कोणत्या भाषेत आहे ते विचारले जात नाही. लाखो रुपये आगाऊ घेऊन पसार झालेल्या टूरवाल्यांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. फसलेल्यांपैकी अनेकांच्या हातात धड पावतीही नसते, असली तरी तिच्यावर कशाचे पैसे घेतले ते लिहिलेले नसते.

उपाय साधे आहेत आणि जुनेच आहेत. सगळा पैसा एका ठिकाणी ठेवू नये. थोडी रोख वर, थोडी पट्ट्यात, बाकी कार्डावर. कार्डाचा क्रमांक आणि ते बंद करण्यासाठी बँकेचा फोन नंबर वेगळ्या कागदावर लिहून दुसऱ्या बॅगेत ठेवावा. हुंडीच्या 'पेठे'सारखाच हा प्रकार. गुप्त आकडा कोणालाही सांगू नये, सख्ख्या भावालाही नाही. नवरा-बायको दोघे जात असतील तर दोघांच्या अंगावर स्वतंत्र पैसे असावेत. आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी, ती स्वतः वाचावी, वाचता येत नसेल तर दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्यावी.

यातले शेवटचे काम आमच्या शाळांचे आहे असे आम्ही मानतो. सातवी-आठवीच्या मुलामुलींना आम्ही इब्ने बतूताचा प्रवास शिकवतो, तो शिकवलाच पाहिजे. त्याच तासाला एखादी पावती, एखादे तिकीट, बँकेचा एखादा अर्ज फळ्यावर मांडून वाचायला शिकवला तर काय बिघडेल? मुले उर्दू वाचतात, मराठी वाचतात, इंग्रजीही थोडे वाचतात. घरातल्या नानी-दादीने उद्या हजचे पैसे भरायचे ठरवले तर तिच्याशेजारी बसून कागदावर काय लिहिले आहे ते सांगणारी एक मुलगी त्या घरात असली पाहिजे. तिने आकडा वाचावा, तारीख वाचावी, आणि नानीच्या हातात तो कागद परत द्यावा.